सहा वस्तूंची वाटणी

१९६५ च्या भारत-पाक युद्धात, सप्टेंबरमध्ये, सियालकोट आघाडीवर फिलोराची लढाई ऐन भरात असताना, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांच्याजवळ निरवानिरवीचे चार शब्द बोलून ठेवले. आपण परतलो नाही, तर आपले दहन इथेच रणांगणावर करावे. प्रार्थनेचे पुस्तक आईकडे पोहोचवावे, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला द्यावी, अंगठी मुलीला द्यावी, आणि हातातले कडे, मनगटी घड्याळ व फाउंटन पेन मुलाला द्यावे. शेवटी त्यांनी आणखी एक निरोप जोडला, की मुलाने माझ्यासारखेच लष्करात जावे असे त्याला सांगा. त्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबरला, बुटुर डोग्रांदी या गावाजवळ ते तोफगोळ्याने ठार झाले. वय बेचाळीस.

तारापोर यांच्याविषयी जे काही छापून येते, त्यात या यादीला एखादे वाक्य मिळते आणि लेखक लगेच रणगाड्यांकडे वळतो. मला मात्र ही यादीच सोडवत नाही. आपल्याकडे वाटणी म्हटले की डोळ्यांसमोर सातबारा येतो, घराच्या खोल्या येतात, आईचे दागिने येतात आणि भावकीतली जुनी भांडणे येतात. या वाटणीत त्यातले काहीही नाही. नीट पाहिले तर लक्षात येते, की या सहाही वस्तू त्या क्षणी त्यांच्या अंगावर किंवा खिशात असाव्यात अशाच आहेत. साखळी गळ्यातली, अंगठी बोटातली, कडे आणि घड्याळ मनगटावरचे, पेन आणि प्रार्थनेचे पुस्तक खिशातले. घरदार, पैसा, निवृत्तिवेतन यांची सोय सरकारी कागद आपल्या गतीने लावतातच. या माणसाने विचार केला तो फक्त आपल्या कातडीला लागून असलेल्या गोष्टींचा. शरीर इथल्या शेतात राहील, आणि त्या शरीराची ऊब लागलेले जे काही आहे ते चार माणसांकडे जाईल, असा तो हिशेब होता.

त्यातला दहनाचा भाग वाटतो तितका साधा नाही. तारापोर पारशी होते. पारशी धर्मात अग्नी इतका पवित्र मानला जातो की प्रेताच्या स्पर्शाने तो अपवित्र होऊ नये अशी शिकवण आहे, आणि म्हणूनच देह पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवण्याची, मुंबईच्या डुंगरवाडीची किंवा पुण्यातल्या दोखम्याची परंपरा चालत आली. खिशात अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या प्रार्थनांचे पुस्तक बाळगणारा माणूस स्वतःसाठी चिता मागतो, तेव्हा त्याने आपल्या रेजिमेंटच्या जवानांचा रिवाज आपला मानला आहे हे तर दिसतेच. पण मला त्यात एका प्रमुखाचा व्यवहारही दिसतो. लढाई चालू असताना एक देह मागे न्यायचा म्हणजे एक गाडी, तीन-चार माणसे आणि काही तास. ते आपल्यासाठी खर्ची पडू नयेत असे त्यांना वाटले असावे. हा माझा तर्क आहे. त्यांची इच्छा मात्र रेजिमेंटने पाळली, आणि तोफखान्याचा मारा चालू असतानाच त्यांना अग्नी दिला गेला.

या माणसाची मुळे आपल्याच मातीत आहेत. तारापोर हे आडनाव पालघर जिल्ह्यातल्या तारापूरवरून आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात त्यांचे पूर्वज रतनजीबा यांनी पराक्रम गाजवला, त्याबद्दल त्यांना शंभर गावे इनाम मिळाली आणि त्यांतले मुख्य गाव तारापूर होते, असे कुटुंबात सांगत आले आहेत. पुढे आजोबांच्या काळात घर हैदराबादला गेले आणि निजामाच्या नोकरीत स्थिरावले. अर्देशीर, घरातले आदी, यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईतला. लहानपणीची एक गोष्ट सांगतात, की घरची गाय दावे तोडून बहिणीच्या अंगावर धावून आली, तेव्हा सहा वर्षांचा आदी काठी घेऊन मध्ये उभा राहिला. वीरपुरुषांच्या बालपणात अशी एखादी गोष्ट असतेच, त्यामुळे मी ती फारशी मनावर घेत नाही. त्यापेक्षा सातव्या वर्षी घरापासून दूर पुण्याला, सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात पाठवलेला मुलगा मला जवळचा वाटतो. एवढ्या लहान वयात आईचे बोट सुटले आणि बेचाळिसाव्या वर्षी यादीतली पहिली वस्तू आईच्या नावावर लागली.

१९४० मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते हैदराबाद संस्थानाच्या फौजेत पायदळाचे अधिकारी म्हणून दाखल झाले. ग्रेनेड फेकण्याच्या सरावात एका जवानाच्या हातून जिवंत ग्रेनेड भलत्याच जागी पडला. तारापोर यांनी उडी मारून तो उचलला आणि बाहेर फेकला. तो हवेत फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानाच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस यांनी त्यांना शाबासकीसाठी बोलावले, तेव्हा या तरुणाने संधी साधून आपली बदली घोडदळाच्या पलटणीत मागून घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्या पलटणीबरोबर ते मध्यपूर्वेत होते. १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. संस्थानाच्या फौजेतल्या अनेकांचे पुढे काय होणार हा तेव्हा प्रश्नच होता. तारापोर १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले, आणि १९६५ मध्ये ते रणगाडे घेऊन सियालकोटकडे निघाले तेव्हा देशाचे लष्करप्रमुख तेच जनरल चौधुरी होते. कालपर्यंत समोर उभ्या असलेल्या फौजेतून एक अधिकारी यावा, चौदा वर्षांत रेजिमेंटचा प्रमुख व्हावा आणि तिच्यासाठी मरावे, यात त्या अधिकाऱ्याचे जितके कौतुक आहे तितकेच त्याला सामावून घेणाऱ्या रेजिमेंटचेही आहे.

पूना हॉर्सच्या नावामुळे पुणेकरांची छाती उगाच फुगते, म्हणून सांगतो. १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या तहातून उभे राहिलेले हे घोडदळ. पुण्याशी आता त्याचे नाते मुख्यतः नावापुरतेच उरले आहे. त्यातले जवान प्रामुख्याने राजस्थानातले आणि उत्तरेकडचे. रणगाडे आल्यावरही तिथे जवानाला ‘सवार’च म्हणतात.

लढाईबद्दल थोडक्यात. ११ सप्टेंबरला फिलोराच्या पिछाडीकडे वळत असताना वझीरअलीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाडे अचानक चालून आले. तारापोर यांनी जागा सोडली नाही. उलट एक स्क्वॉड्रन आणि पायदळाची एक पलटण घेऊन फिलोरावर हल्ला चढवला. त्यात ते जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला. त्यानंतर वझीरअली, आणि १६ तारखेला जसोरान व बुटुर डोग्रांदी घेतले. परमवीर चक्राच्या मानपत्रात म्हटले आहे, की त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे फक्त नऊ गमावले. साठाला नऊ हा आकडा दर सप्टेंबरमध्ये फिरत असतो आणि तो अभिमानाचा आहेच. पण त्या नऊंपैकी प्रत्येकात चार माणसे बसलेली होती, हे गणित सहसा कोणी करत नाही.

२३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठवड्याने. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला आणि दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या रेषेवर परतायचे ठरले. फिलोरा गेले, बुटुर डोग्रांदी गेले. कराराबद्दल तेव्हा देशात पुष्कळ राग होता आणि आजही चर्चा निघाली की आवाज चढतात. मला त्या वादात पडायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की ज्या शेतात तारापोर यांची चिता पेटली ते शेत अर्ध्या वर्षाच्या आत पुन्हा परदेश झाले. घरच्यांना डोके टेकवायला जागा उरली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेल्या सैनिकाच्या नातवंडांना निदान दगडावर कोरलेले नाव शोधत जाता येते. तारापोर यांच्या मुलांना व्हिसा मिळाला असता तरी त्या गावात जाऊन कोणता बांध विचारायचा? म्हणून त्या सहा वस्तूंचे वजन मला फार वाटते. दहनाची जागा मागून घेताना ती आपली राहणार नाही हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वस्तू घरी धाडून त्यांनी नकळत त्याची भरपाई करून ठेवली होती.

या संदर्भात साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार मला आठवतात. मराठा पलटणीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. आता पुण्यात मुलाकडे राहतात, आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर त्यांच्याशी गप्पा होतात. लढाईबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदा मात्र ट्रंकेबद्दल बोलले. जवान गेला की त्याचे सामान घरी पाठवण्यापूर्वी त्याची यादी करावी लागते, दोघेतिघे साक्षीला बसतात, आणि एकेक वस्तू बाहेर काढून लिहून घेतात. ‘‘दाढीचा ब्रश लिवायचा, कंगवा लिवायचा, सुईदोरा लिवायचा,’’ ते सांगत होते. ‘‘एका पोराच्या ट्रंकेत लहान लेकराचं झबलं निघालं, नवं कोरं, दुकानाची चिठ्ठी तशीच लावलेली. सुट्टीवर जाताना न्यायला घेतलं असंल. आमच्या क्लार्कनं विचारलं, ह्याला काय लिवू? सुभेदार साहेब म्हणाले, कपडे लहान मुलाचे, नग एक. लिव.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘तुम्हाला सांगतो, फायर अंगावर घेणं परवडलं, पण ही ट्रंक नको.’’

बहुतेक सैनिकांची वाटणी अशी दुसऱ्याच्या हातून होते. काय कोणाचे, हे ट्रंक सांगत नाही. सगळे एकगठ्ठा घरी जाते आणि तिथे बायको, आई, भाऊ आपापल्या परीने अर्थ लावतात. तारापोर यांनी ते काम स्वतः केले, आणि एकाही माणसाला दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूकडे बघत बसायची वेळ आणली नाही. अर्थात निरोप मेजर चीमांना दिला तरी तो अमलात आणण्याचे काम पत्नी पेरीनबाईंकडेच आले असणार. सासूच्या हाती पुस्तक देताना, मुलीच्या बोटाला सैल होणारी अंगठी दाखवताना, शाळकरी मुलाला वडिलांचे घड्याळ देताना घरात काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो, पण ती कागदावर उतरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

यादीच्या शेवटच्या निरोपाशी मात्र माझे जमत नाही. मुलाला सांगा, माझ्यासारखा लष्करात जा. भाषणात हे वाक्य आले की टाळ्या पडतात. मी बाप आहे आणि मला ते वाचताना अवघड होते. घड्याळ आणि पेन देऊन थांबले असते तर मुलगा मोकळा राहिला असता. मेलेल्या बापाच्या इच्छेशी कोणाला वाद घालता येतो? पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर बेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट कोणती असे विचारले असते तर त्याने रेजिमेंटचेच नाव घेतले असते, आणि जे सर्वांत चांगले ते मुलाला द्यावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? तो हुकूम नसून वाटणीतली सातवी वस्तू होती, असे मी स्वतःला समजावतो. समजूत पुरती पटत नाही.

सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटला दुसरे परमवीर चक्र मिळाले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये नियुक्ती. युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा ते नगरला प्रशिक्षण घेत होते. आघाडीवर निघताना दिल्लीतल्या घरी थांबले आणि सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश भरून घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचा आहे आणि रात्रीच्या जेवणाला हा गणवेश लागेलच, असे त्यांचे म्हणणे होते. तारापोर यांच्या यादीशेजारी हे सामान ठेवून पाहावे. एकवीस वर्षांच्या मुलाकडे वाटून देण्यासारखे काही नसते, आणि वाटणी करावी असे त्याच्या मनातही येत नाही.

१६ डिसेंबरला, म्हणजे ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली त्याच दिवशी, बसंतर नदीच्या पलीकडे जरपालजवळ त्यांचा ‘फामागुस्टा’ हा रणगाडा पेटला. मागे येण्याचा हुकूम त्यांनी रेडिओवर नाकारला. माझी तोफ अजून चालते आहे, असे कारण दिले. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही गोळीबार थांबला. दिल्लीतल्या घरात युद्ध संपल्याचा आनंद होता, आता मुलगा परत येईल म्हणून तयारी चालू होती, आणि त्यानंतर काही दिवसांनी तार आली. मधल्या त्या दिवसांत अरुण जगासाठी गेलेला होता आणि आईसाठी जिवंत होता. शूरासारखा लढ, भित्र्यासारखा परत येऊ नकोस, असे निघताना त्याला सांगणाऱ्या आई म्हणून महेश्वरी खेत्रपाल यांचे नाव सगळीकडे येते. एखाद्या बाईच्या अख्ख्या आयुष्यातून आपण तिचे एकच वाक्य उचलतो आणि तेही आपल्याला सोयीचे असलेले, हे मला खटकत राहते. जरपालची ती जमीनही सिमला करारानंतर परत गेली.

वडील, ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, स्वतः इंजिनिअर्समधले सैनिक होते आणि त्यांचे मूळ घर फाळणीत पलीकडे गेलेल्या सरगोध्याचे. २००१ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि अतिशय आपुलकीने पाहुणचार केला. निघण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले, की १९७१ मध्ये अरुणच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला.

हा प्रसंग दर डिसेंबरमध्ये मोबाइलवर फिरतो, आणि प्रत्येक वेळी त्याला थोडे अधिक संवाद फुटलेले असतात. कोणी त्यात दोन देशांची मैत्री पाहतो, कोणी शत्रूने मानलेला पराक्रम पाहतो. मला वाटते, त्या रात्री म्हाताऱ्या बापाला वेगळेच काही मिळाले. मानपत्र, रेडिओवरचे शब्द, सहकाऱ्यांच्या आठवणी हे सारे त्यांच्याकडे तीस वर्षे होते. पण ते सगळे अरुणच्या मागून किंवा बाजूने पाहिलेले होते. शेवटच्या मिनिटांत त्याला समोरून पाहिलेला माणूस एकच होता आणि तो पलीकडच्या सैन्यात होता. मुलगा कसा आला, किती जवळ आला, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ते ऐकायला बापाला मारणाऱ्याच्याच घरी जावे लागले. त्याच्या घरी ते जेवले होते, मुक्कामाला राहिले होते, आणि सैनिक असल्यामुळे त्यांना हेही कळत होते की त्या दिवशी नेम किंचित चुकला असता तर नासेर यांच्या घरी तार गेली असती. ब्रिगेडियर दिल्लीला परतले. पुढे नासेर यांनी त्या भेटीतला दोघांचा फोटो त्यांना पाठवला, आणि त्यासोबत अरुणच्या शौर्याबद्दल आदराने चार ओळी लिहिल्या.